भोकराचा चिकटा

वैशाखात उमरीच्या बाजारात भोकरं आली की आजी कैरीच्या आधी मीठ काढून ठेवायची. भोकरं धुऊन कोरडी करायची, एकेक पाट्यावर ठेवून वरवंट्याने हलकेच ठेचायची आणि फुटलेल्या तोंडातून काडीने बी बाहेर काढायची. काडी आधी मिठात बुडवलेली असायची. मीठ नसेल तर आतला बुळबुळीत चीक काडीला धरतो, बोटांना धरतो, पदराला लागतो आणि निघता निघत नाही. मीठ लागलं की तो सैल पडतो. बी निघाली की त्या पोकळीत कैरीचा कीस आणि मसाला भरायचा, वरून तेल. आम्ही पोरं लोणच्यासाठी थांबत नसू. आमचा डोळा पावसाळ्यात पिकून पडणाऱ्या भोकरांवर असायचा. पिकलं भोकर दोन बोटांत दाबलं की पारदर्शक, तार धरणारा गर बाहेर येतो. आमचे पतंग त्यानेच चिकटायचे आणि फाटलेल्या वह्यांचे पुठ्ठेही त्यानेच बसायचे.

उमरीहून भोकर गाव वीस-पंचवीस किलोमीटर. गावाचं नि झाडाचं नाव एकच असल्यामुळे लहानपणी मला वाटे की जगातली सगळी भोकरं तिथूनच येतात.

हा समज मोडला तो एका कागदी पुडीने. थंडीच्या दिवसांत घरात खोकला शिरला की आजी अत्ताराच्या दुकानातून जोशांद्याची पुडी आणायची. ती उघडून ताटात पसरायची, कारण काय दिलंय ते डोळ्याने पाहिल्याशिवाय ती पाण्यात काही टाकत नसे. त्यात जेष्ठमधाच्या काड्या असत, उन्नाबाची लाल बोरं असत, खतमीचं बी असे, बनफ्शाची वाळलेली जांभळट फुलं असत आणि काळपट, सुरकुतलेली, टोपी घातलेली छोटी फळं असत. अत्तार त्यांना सपिस्तान म्हणे. एकदा आजीने त्यातलं एक फळ पाण्यात भिजवून दाबलं. बोटांमध्ये तार धरली गेली. ती म्हणाली, "माय वो, हे तर आपलं भोकर हाय."

त्या एका वाक्याचा मागोवा घेत मी बरीच वर्षं फिरतो आहे. आमच्या बांधावरचं फळ फारसी नाव घेऊन हैदराबादमार्गे आमच्याच घरात औषध म्हणून परत कसं आलं?

सुरुवात नावांपासून करावी लागते, कारण या फळाचा इतिहास नावांतच चिकटून राहिला आहे. संस्कृतात त्याला श्लेष्मातक म्हणतात, म्हणजे शब्दातच श्लेष्मा, कफ. ग्रीकात त्याचं नाव मिक्सा. मिक्सा म्हणजे शेंबूड. अरबीत मुखैता, आणि मुखात म्हणजे पुन्हा शेंबूडच. हिंदीतल्या लसोड्यात लस आहे, पाखरं धरायच्या लासा या चिकातली लस. धर्माबादच्या पलीकडे तेलुगू मुलूख लागतो, तिथे बंकनक्केरा असं एक नाव आहे, आणि बंक म्हणजे डिंक. एवढ्या लोकांनी, एवढ्या भाषांत, एकमेकांना न विचारता फळ दाबून पाहिलं आणि बोटांना जे लागलं त्यावरून नाव ठेवलं. फारसीने मात्र बाहेरून पाहिलं. सपिस्तान हा सग-पिस्तानचा आकसलेला शब्द. त्याचा अर्थ कुत्रीचे आचळ. टोपीतून लोंबणाऱ्या फळांचा घोस एकदा पाहिला की ही उपमा पटते.

आपल्याकडे या फळाची नोंद जुनी आहे. अमरकोशात त्याला शेलु, श्लेष्मातक, शीत, उद्दाल आणि बहुवारक अशी पाच नावं आहेत. कोकणातलं शेलवट हे नाव ऐकलं की त्यातला शेलु लगेच कानाला लागतो. चरकसंहितेत पन्नास महाकषाय सांगितले आहेत, प्रत्येकात दहा-दहा द्रव्यं. त्यांतल्या विष उतरवणाऱ्या गटात हळद, मंजिष्ठा, चंदन, शिरीष, निर्गुंडी यांच्या रांगेत शेवटचं नाव श्लेष्मातकाचं आहे. याच फळाला मनुस्मृतीने मात्र दाराबाहेर ठेवलं. द्विजांनी न खाण्याच्या वस्तूंत शेलु येतो, आणि वनात राहणाऱ्या वानप्रस्थानेसुद्धा टाळायच्या गोष्टींत श्लेष्मातकाची फळं येतात. एकाच परंपरेतल्या दोन ग्रंथांनी एकाच फळाबद्दल असा वेगवेगळा निकाल दिला आहे. धर्मशास्त्र खाणारा कोण ते पाहत होतं, वैद्य आजार कोणता ते पाहत होते. आयुर्वेदाच्या ग्रंथांविषयी माझ्या मनात जो आदर आहे, त्याचं एक कारण या यादीत आहे. शास्त्राने नाकारलेलं फळ वैद्याने औषधांत बसवलं. आणि मनूची मनाई असतानाही ज्यांनी बांधावरून उचलून भोकर खाल्लं, त्यांच्यामुळेच ते पुढच्या वैद्यापर्यंत पोचलं.

पश्चिमेकडे या फळाचा माग इजिप्तमधून लागतो. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे की मिक्साच्या फळांपासून इजिप्तमध्ये मद्य काढतात, आणि हे झाड आता रोममध्येही दुसऱ्या झाडावर कलम करून वाढवू लागले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बागेतही भोकरीचं कलम होतं.

या दोन वाटा जिथे भेटल्या ते शहर बगदाद. आठव्या शतकाच्या शेवटी हारून अल् रशीदच्या काळात मनका नावाचा भारतीय वैद्य तिथे होता आणि सुश्रुताचा ग्रंथ अरबीत जात होता. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाकने गॅलेनचे ग्रीक ग्रंथ अरबीत आणले. ८५० मध्ये अली इब्न रब्बान अल् तबरीने आपला मोठा वैद्यकग्रंथ, फिर्दौस अल् हिक्मा, पुरा केला. त्याच्या शेवटी भारतीय वैद्यकावर वेगळा भाग आहे आणि तो चरक-सुश्रुतांच्या आधाराने लिहिला आहे. युनानी हा शब्द युनान म्हणजे ग्रीसवरून आला. त्यामुळे युनानी म्हणजे ग्रीक, आयुर्वेद म्हणजे भारतीय, आणि दोघांत नदीएवढं अंतर, असं आपण धरून चालतो. बगदादच्या लिहिणाऱ्यांच्या टेबलावर मात्र दोन्ही पोथ्या शेजारी उघड्या होत्या.

इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ, कानून, १०२५ च्या सुमारास पुरा झाला. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो शहरात जेरार्ड नावाच्या इटालियन पंडिताने तो लॅटिनमध्ये आणला. सपिस्तानचं सेबेस्तेन झालं ते या वाटेवर. तिथून पुढे काही शतकं युरोपातल्या औषधविक्यांच्या बरण्यांवर हे नाव दिसत राहिलं. पूर्वेकडच्या बंदरांतून वाळलेली फळं यायची आणि खोकल्याच्या औषधांत पडायची.

ती औषधं कोणत्या रूपात होती हे पाहिलं की आणखी एक गंमत कळते. हकीम भोकराचं जे औषध करतात त्याचं नाव लऊक-ए-सपिस्तान. लऊक म्हणजे चाटायची वस्तू. तो शब्द युरोपात लोहोक झाला. संस्कृतातला अवलेह लिह् म्हणजे चाटणे या धातूवरून आला. इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवर खोकल्याच्या पातळ औषधाला लिंक्टस म्हणतात, तोही लॅटिनमधल्या चाटण्यावरूनच. आणि आमच्या आया मधात सुंठपूड कालवून बोटावर देतात त्याला आपण काय म्हणतो? चाटण. घशाचं औषध गिळायचं नसतं, सावकाश चाटायचं असतं, म्हणजे ते जिथे लागायला हवं तिथे थोडा वेळ थांबतं. हे ज्याला पहिल्यांदा उमगलं त्याचं नाव कुठेच नाही. ती कोणीतरी आईच असणार, असं मला मनापासून वाटतं.

वनस्पतिशास्त्रात भोकराच्या प्रजातीचं नाव कॉर्डिया. ते व्हॅलेरिअस कॉर्डुस या जर्मन माणसाच्या स्मरणार्थ आहे. हा १५१५ मध्ये जन्मला आणि १५४४ मध्ये रोममध्ये आजारी पडून एकोणतीस वर्षांचा असताना गेला. त्याने तयार केलेला औषधयोगांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १५४६ मध्ये, न्यूरेंबर्गच्या नगरसभेने छापला आणि शहरातल्या औषधविक्यांना तो बंधनकारक केला. आल्प्सच्या उत्तरेला सरकारी शिक्का मिळालेली ही पहिली औषधसंहिता मानली जाते. लंडनच्या वैद्यांनी आपली संहिता १६१८ मध्ये काढली, लॅटिनमध्ये. १६४९ मध्ये निकोलस कल्पेपरने ती इंग्रजीत आणली, म्हणजे ज्यांना वैद्याची फी परवडत नाही त्यांनाही आपलं औषध आपल्याला वाचता यावं. वैद्यमंडळी त्याच्यावर चिडली. त्याच्या फळांच्या यादीत सेबेस्तेन आहे. लंडनच्या गल्लीतला कोणी गरीब माणूस त्या पुस्तकातून भोकर वाचत होता तेव्हा आमच्या मुलखात मुघल सैन्यं येऊन पोचली होती.

१७५३ मध्ये लिनियसने झाडांना दोन शब्दी नावं दिली तेव्हा या झाडाला त्याने कॉर्डिया मिक्सा म्हटलं, म्हणजे जुना ग्रीक शेंबूड कायम ठेवला. सेबेस्तेना हे नाव मात्र त्याच्या हातून कॅरिबियन बेटांवरच्या भगव्या फुलांच्या एका नात्यातल्या झाडाकडे गेलं. आज आपल्या शहरांतल्या बागांमध्ये शोभेसाठी लावलेलं ते झाड दिसतं. सपिस्तानचं नाव त्याच्याकडे आहे आणि औषधाची कीर्ती भोकराकडे. आपल्याकडच्या भोकरीला आता बहुतेक ठिकाणी कॉर्डिया डायकोटोमा म्हणतात. ते नाव जॉर्ज फॉर्स्टरने १७८६ मध्ये दिलं. कॅप्टन कुकच्या जहाजावरून जग फिरलेला हा तरुण होता.

दख्खनमध्ये या परंपरा एकमेकींच्या फार जवळ राहिल्या, त्यामुळे इथे जरा थांबायला हवं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहत होता आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे औषधोपचारासाठी जात होता. दरबारातले हकीम इब्न सीना वाचत, ओर्ताही तोच वाचून शिकला होता. मतभेद झाले तरी दोघांची पोथी एक होती. त्याने इथल्या औषधींवर संवादरूपात लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं आणि चारच वर्षांत अँटवर्पला त्याचा लॅटिन सारांश निघाला. अहमदनगरहून १५८९ मध्ये विजापूरला गेलेला फरिश्ता आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहे. त्याने भारतीय वैद्यकावर फारसीत एक ग्रंथही लिहिला, कारण इथल्या हवेत राहणाऱ्या हकिमाला इथल्या वैद्याचं शास्त्र यायला हवं असं त्याला वाटत होतं.

पुढे आमचा भाग निजामाच्या राज्यात गेला. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली, उमरी त्याच रुळावर आहे. काश्मीर-इराणकडचं उन्नाब, खतमी, बनफ्शा हैदराबादला उतरे आणि तिथून गाडीने आमच्या अत्तारांकडे येई. मराठवाड्याच्या बोलीत आजाराचे शब्द किती फारसी-अरबी आहेत ते पाहा. दवाखाना, इलाज, हकीम आणि जुलाबसुद्धा. जुलाब म्हणजे मूळचं गुलाबपाणी, गुल आणि आब. त्यातून रेचक द्यायची रीत पडली आणि शब्दाचा अर्थच वाहून गेला. आजीला हे शब्द परके आहेत असं कधी वाटलं नाही. ती वैद्यांचा काढाही घ्यायची, हकिमांचा जोशांदाही घ्यायची, आणि दोघांनी पहिला प्रश्न एकच विचारलेला असायचा, कोरडा की ओला?

माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट या प्रश्नात आहे. हल्ली समग्र उपचार, पूर्ण माणसाचा विचार असे शब्द फार मोठ्या आवाजात म्हटले जातात आणि त्यांच्याबरोबर बाटल्या विकल्या जातात. पूर्ण माणसाचा विचार म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मला त्या साध्या प्रश्नातून कळलं. वैद्य प्रकृती पाहतो, हकीम मिजाज पाहतो. एकाकडे तीन दोष, दुसऱ्याकडे रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस. सिद्धांत वेगळे आहेत आणि ते सारखे आहेत असं दाखवायची मला घाई नाही. पण दोघंही मान्य करतात की खोकला हे एकाच आजाराचं नाव नाही. कोणाचा, कोणत्या ऋतूतला, रात्री वाढणारा की सकाळी, घसा सुकलेला की छाती भरलेली, हे कळेपर्यंत हात पुडीकडे जात नाही.

भोकराच्या बाबतीत हा विचार किती बारीक आहे ते सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिसतं. कच्चं फळ रूक्ष, आणि ते पित्त व कफ दोन्ही आवरतं. पिकलेलं फळ गोड, स्निग्ध, थंड, जड आणि कफ वाढवणारं. एकाच डहाळीवरचं एकच फळ, दोन महिन्यांच्या अंतराने उलट काम करतं. आता हकिमाकडे पाहा. तो पिकून वाळलेलं फळ वापरतो, कोरड्या, खरखरीत खोकल्याला. छातीत कफ घट्ट बसला असेल तर आधी त्याला नुज्ज म्हणजे पिकवणं हवं, मऊ करून सुटायला लावणं हवं, असं तो म्हणतो. ही पिकवण्याची कल्पना ग्रीक हिपोक्रातसच्या काळापासूनची, आणि आपल्या वैद्यांचं पाचनही याच दिशेचं आहे. भावप्रकाश ज्याला कफ वाढवणं म्हणतो आणि हकीम ज्याला ओलावा देणं म्हणतो, ते एकाच गराकडे दोन बाजूंनी पाहणं आहे. ओल्या, भरलेल्या छातीला भावप्रकाश वाचणारा वैद्य हे पिकलेलं फळ देणार नाही. आमची आजी कच्च्याचं लोणचं घालायची आणि पिकलेलं औषधाला ठेवायची. तिने यातलं काही वाचलं नव्हतं.

आत चालतं ते काय, हे सांगायला आता सिद्धांताची गरज उरलेली नाही. गरातली लांब साखळीची शर्करा पाणी धरून ठेवते आणि घशाच्या सुजलेल्या अस्तरावर पातळ थर देते. तेवढ्या वेळापुरता खवखवाट शमतो. एवढंच काम, पण ते काम ते करतं. याच्या पुढचा दावा करणाऱ्यावर माझा राग आहे. दोन आठवडे टिकलेला खोकला, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, लहान मुलाला लागलेली धाप यांना भोकर पुरत नाही. तिथे थुंकी तपासावी लागते, छातीचा फोटो काढावा लागतो आणि क्षयाच्या गोळ्या पूर्ण महिने घ्याव्या लागतात. आमच्या नात्यातल्या एका बाईला घरच्यांनी असंच काढ्यांवर फार दिवस ठेवलं. ती वाचली, पण एक फुफ्फुस कायमचं दुबळं झालं. त्या काढ्यात भोकरही होतं.

युरोपने सेबेस्तेन हळूहळू सोडून दिलं. संहितांची नवी आवृत्ती निघे तसतशी जुनी मिश्रणं गळत गेली, दूरच्या मुलखातून येणारी फळं आधी गेली. पण त्या पुडीतली सगळीच द्रव्यं गेली नाहीत. आजीच्या ताटातल्या खतमीचं सख्खं नातं असलेलं मार्शमॅलोचं मूळ तिथे आजही कोरड्या खोकल्यासाठी वापरतात, आणि युरोपीय औषध संस्थेने पारंपरिक वापर म्हणून त्याला मान्यता दिली आहे. कारण तेच, त्यातला चिकटा. जर्मनीतल्या घरात कोणी आजी थंडीत ते मूळ पाण्यात भिजवते तेव्हा ती आमच्या आजीच्या ताटातली अर्धी पुडीच वापरत असते.

आपल्याकडे भोकराचा धागा तुटला नाही. डॉ. वामन गणेश देसाई यांचा औषधीसंग्रह १९२७ मध्ये निघाला. ते पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर, पण त्यांनी इथल्या वनस्पती मराठीत, मराठी नावांनी लिहिल्या. आणि नांदेडला शासनाची एक रसशाळा आहे, तिचं नावच आयुर्वेदिक व युनानी रसशाळा. हा जोडशब्द कोणा समन्वयवाद्याने सुचवलेला नसून आमच्या मुलखाच्या इतिहासातून आलेला आहे. दोन्ही दवाखाने एकाच गावात, एकाच घराण्याच्या खोकल्यावर चालत आले, तर त्यांची औषधं एका छपराखाली तयार होणारच.

भोकरीचं झाड मात्र बांधावरून कमी होताना मी पाहतो आहे. रस्ता रुंद झाला की पहिलं ते जातं. लाकूड फार मोलाचं नाही, फळ महिनाभरच बाजारात असतं, आणि चिकटा काढायला घरात आता कोणाला वेळ नसतो.

गेल्या वैशाखात उमरीच्या बाजारात एक बाई टोपलीभर हिरवी भोकरं घेऊन बसली होती. मी मूठभर उचलली, एक दाबून पाहिलं. कठीण होतं. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "लोणच्याला पायजेत का औषधाला, दादा?"

मी औषधाला म्हणालो.

तिने माझ्या हातातली भोकरं परत टोपलीत टाकली. "मंग आता कशाला नेता? ही हिरवी हाईत. आखाड लागू द्या, पिकली की या."

मी लोणच्याला म्हणून अर्धा किलो घेतली. आषाढात पुन्हा जाईन.